हातातले कोऑर्डिनेट जमिनीवर कसे गाठायचे: आरटीके रोव्हर घेऊन नेमक्या पॉइंटपर्यंत

आरटीके रिसिव्हर, म्हणजे एका जागी ठेवलेल्या दुसऱ्या रिसिव्हरच्या (बेसच्या) मदतीने सेंटीमीटरमध्ये जागा सांगणारा जीपीएस (घेऊन फिरायचा तो रोव्हर), हातात आला की सगळ्यांना आधी एकच वाटतं, आता काय, आकडे टाकायचे आणि स्क्रीनवरच्या बाणामागे चालत सुटायचं. चालणं खरंच सोपं आहे. गोची अशी की रिसिव्हर तुम्हाला तुम्ही दिलेल्या आकड्याच्या दोन सेंटीमीटर आत नेऊन उभं करतो, मग तो आकडा बरोबर असो नाहीतर दोनशे मीटरने चुकलेला असो, दोन्ही वेळी स्क्रीनवर तोच हिरवा फिक्स (जागा पक्की झाल्याचा इशारा) आणि तीच "पोहोचलात" म्हणणारी टिंग. म्हणून या लेखाचा बराच भाग निघण्याआधीच्या कामावर गेलाय. कंटाळवाणा वाटला तरी तो गाळून थेट फील्डवरच्या भागावर उडी मारू नका, कारण मोठ्या चुका सगळ्या निघण्याआधीच होतात, फील्डवर फक्त त्या उघड होतात (किंवा होतच नाहीत, ते जास्त वाईट).

आधी ठरवा, किती जवळ जायचंय

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. वॉस, एग्नॉस, गगन असल्या सिस्टीमची सॅटेलाइटवरून येणारी करेक्शन पकडणारा हँडहेल्ड असेल तर एक-दोन मीटर धरा. तुम्हाला विहीर, व्हॉल्व्हचं झाकण किंवा कमरेएवढा दगडी खांब शोधायचाय तर एवढं पुरतं, पुढचं काम डोळे करतात, उगाच पोल (रिसिव्हर लावायची काठी) खांद्यावर घेऊन फिरू नका. पण जमिनीत गाडलेला खिळा, मातीखाली गेलेली हद्दीची खूण, ड्रोन सर्व्हेचा कंट्रोल पॉइंट (आधीच नेमका मोजून ठेवलेला पॉइंट) किंवा नकाशावरचा कोपरा जमिनीवर आखणं, यातलं काही असेल तर सेंटीमीटर लागतात आणि मग आरटीकेला पर्याय नाही.

आरटीके आतून काय करतं हे दोन वाक्यात समजून घ्या, कारण पुढे "फिक्स खरा की खोटा" हा प्रश्न येणारच आहे. साधा जीपीएस सॅटेलाइटच्या कोडवरून अंतर काढतो आणि त्या कोडचा एक तुकडा जवळपास २९३ मीटर लांबीचा असतो, म्हणून त्यातून मीटरच्या खाली उतरणं अवघड. आरटीके कोडच्या खालची मूळ लाट मोजतं, एल१ वर म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झला ती लाट साधारण १९ सेंटीमीटरची, आणि लाटेचा अंश मिलिमीटरमध्ये मोजता येतो, फक्त सॅटेलाइट आणि तुमच्यामध्ये अशा पूर्ण लाटा किती आहेत हे कोणी सांगत नाही, ते बेसच्या मदतीने सोडवावं लागतं. ते पूर्णांक सुटले की फिक्स. नुसता दशांशातला अंदाज धरून चालवलं तर फ्लोट. आणि पूर्णांक चुकीचे सुटले तर खोटा फिक्स, जो स्क्रीनवर खऱ्यासारखाच दिसतो.

आकड्यांची चौकशी

कोणी कोऑर्डिनेट पाठवले की लगेच कंट्रोलरमध्ये, म्हणजे रिसिव्हर चालवायच्या हातातल्या स्क्रीनमध्ये, भरू नका. पाठवणाऱ्याला विचारा: फॉरमॅट कोणता, डेटम (कोऑर्डिनेट ज्या चौकटीत मोजले ती) कोणता, झोन कोणता, मोजले कधी, कशाने, आणि उंची असेल तर ती कोणती उंची. डेटम न सांगता दिलेला कोऑर्डिनेट म्हणजे गल्लीचं नाव न सांगता दिलेला घर नंबर.

फॉरमॅटपासून सुरू करू. ४०°३०'५०" आणि ४०°३०.५०' हे दिसायला भावंडं, पण दुसऱ्यात ३०.५० मिनिटं म्हणजे ३० मिनिटं ३० सेकंद, फरक २० सेकंदांचा, जमिनीवर सहाशे मीटरच्या वर. तेच कोणी ४०.३०५० असं डेसिमल डिग्री समजून टाकलं तर तेवीस किलोमीटर गेले. मेसेजमधून, फोटोतून, जुन्या फाइलच्या झेरॉक्समधून आलेल्या आकड्यांमध्ये अंशाची आणि मिनिटाची चिन्हं उडालेली असतात, त्यामुळे पॉइंट टाकल्यावर एकदा नकाशावर बघायचंच, निदान बरोबर रस्त्याच्या बाजूला तरी पडतोय का.

मग दशांशस्थळं मोजा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्या हिशोबाने दशांशानंतर पाच आकडे म्हणजे साधारण १.१ मीटर, सात आकडे म्हणजे १.१ सेंटीमीटर, आठ म्हणजे मिलिमीटर. सेकंदात असतील तर एक सेकंद जवळपास ३१ मीटर, म्हणजे सेंटीमीटरच्या कामाला सेकंदाच्या पुढे निदान चार दशांश हवेत. कोणी पाच दशांशाचा आकडा देऊन "आरटीकेने मोजलाय" म्हणत असेल तर मोजला असेलही, पण पाठवताना एक्सेलने त्याची वाट लावलीय, मूळ फाइल मागा. उलटही होतं, बारा दशांशस्थळांचा आकडा येतो आणि तो मुळात फोनवर नकाशा दाबून काढलेला असतो. आकडे लांब असले म्हणजे अचूक असतात असं नाही.

यूटीएमचे (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशाच्या पद्धतीचे) ईस्टिंग-नॉर्थिंग, म्हणजे पूर्वेकडचे आणि उत्तरेकडचे आकडे, आले असतील तर झोन लागतोच. जग सहा-सहा अंशांच्या ६० झोनमध्ये वाटलंय आणि प्रत्येक झोनच्या मध्यरेषेला ईस्टिंग ५,००,००० मीटर असतं, त्यामुळे तेच आकडे साठही झोनमध्ये कुठेतरी पडतात. रेखांशात १८० मिळवा, सहाने भागा, पूर्णांक घेऊन एक वाढवा, झाला झोन: ७५ अंश पूर्वेला ४३. दक्षिण गोलार्धात नॉर्थिंगमध्ये एक कोटी मीटर मिळवलेले असतात हेही लक्षात ठेवा. आणि ईस्टिंग आधी की नॉर्थिंग आधी हे सीएसव्ही फाइलच्या कॉलमचं नाव वाचून ठरवा, सवयीने नाही, काही सॉफ्टवेअर पॉइंट-नॉर्थ-ईस्ट-उंची असा क्रम धरतात आणि काही ईस्ट आधी.

डेटम, आणि त्याचं वर्ष

इथे जास्त वेळ घालवा. जुन्या स्थानिक डेटममधले आकडे डब्ल्यूजीएस८४ (जीपीएसचा स्वतःचा डेटम) समजून टाकले तर दहाबारा मीटरपासून काहीशे मीटरपर्यंत फरक पडतो, पण तो निदान लक्षात येण्याइतका मोठा असतो. खरी पंचाईत आधुनिक डेटमची. उत्तर अमेरिकेतलं नॅड८३ आणि आत्ताचं डब्ल्यूजीएस८४ यात एक ते दोन मीटरचा फरक आहे, ऑस्ट्रेलियात जीडीए९४ आणि जीडीए२०२० यात सुमारे १.८ मीटर, कारण ती प्लेट वर्षाला सात सेंटीमीटर सरकते आणि दरम्यान २६ वर्षं गेली. म्हणजे पॉइंट जागचा हलला नाही, आपण उभे आहोत ती जमीनच प्लेटसकट सरकली. त्यामुळे आयटीआरएफसारख्या जागतिक फ्रेममधल्या कोऑर्डिनेटला वर्ष जोडलेलं असतं, त्याला एपॉक म्हणतात, आणि २०१० एपॉकचा आकडा आज थेट वापरला तर जलद सरकणाऱ्या प्लेटवर मीटरच्या आसपास चुकणार.

आता यातली मेख, जी कितीतरी अनुभवी लोकांच्याही डोक्यातून सुटते. आरटीकेमध्ये तुमची जागा बेसच्या डेटममध्ये येते. कंट्रोलरवर डब्ल्यूजीएस८४ लिहिलेलं असू दे, फोनचं ॲप काहीही म्हणू दे, रोव्हर फक्त बेसपासूनचा फरक मोजतो आणि बेसला ज्या डेटममधले कोऑर्डिनेट दिलेत त्यात मिळवून तुम्हाला दाखवतो. करेक्शन देणारं नेटवर्क नॅड८३ मध्ये चालत असेल तर तुम्ही नॅड८३ मध्ये आहात, पूर्णविराम. म्हणून नेटवर्कच्या माहितीत डेटम आणि एपॉक शोधा, पॉइंटचा डेटम-एपॉक त्याच्याशी जुळवा, नसेल जुळत तर ट्रान्सफॉर्मेशन (एका डेटममधले आकडे दुसऱ्यात बदलणं) लावा, आणि ते एकदाच लावा. ऑफिसमध्ये आकडे बदलून आणले आणि कंट्रोलरमध्येही तेच ट्रान्सफॉर्मेशन चालू राहिलं की दुप्पट सरकतं.

उंची लागत नसेल तर हा परिच्छेद सोडा. लागत असेल तर सॅटेलाइटची उंची इलिप्सॉइडपासून (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून) असते आणि नकाशावरची समुद्रसपाटीपासून, दोन्हीतला फरक जिऑइड मॉडेल सांगतं, जगभरात तो साधारण उणे १०६ ते अधिक ८५ मीटर इतका बदलतो. ज्या जिऑइड मॉडेलने पॉइंटची उंची काढलीय तेच मॉडेल कंट्रोलरमध्ये हवं, ईजीएम९६ आणि ईजीएम२००८ ची सरमिसळ झाली की काही ठिकाणी मीटरभर फरक निघतो.

करेक्शन कुठून आणायचं

तीन रस्ते. पहिला, इंटरनेटवरून एनट्रिप (नेटवरून करेक्शन पाठवायची पद्धत): सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (बहुतेक वेळा २१०१), माउंटपॉइंट (सर्व्हरवरून निवडायचा करेक्शनचा प्रवाह), युजर आणि पासवर्ड. माउंटपॉइंट एकाच बेसचा असेल तर जवळचा निवडा, कारण अचूकता साधारण एक सेंटीमीटर अधिक दर किलोमीटरला एक मिलिमीटर अशी असते, तीस किलोमीटरवरच्या बेसने आणखी तीन सेंटीमीटर खाल्ले आणि फिक्स मिळायलाही वेळ लागतो. व्हीआरएस असेल तर तुमच्या आसपास एक आभासी बेस तयार होतो, पण त्यासाठी रोव्हरने आपली अंदाजे जागा जीजीए वाक्यातून (रिसिव्हर आपली जागा सांगतो त्या ठरलेल्या संदेशातून) सर्व्हरला कळवावी लागते. कनेक्ट झालंय पण डेटा येत नाही अशी तक्रार असेल तर दहातल्या निम्म्या वेळी हे जीजीए पाठवायचं बटण बंद असतं.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतःचा बेस, रेडिओसकट. नेट नसलेल्या डोंगरात हाच. आणि तुम्हाला ज्या यादीतले पॉइंट गाठायचेत त्याच यादीतला एक पॉइंट जागेवर शाबूत असेल तर बेस सरळ त्यावर लावा आणि त्याचेच कोऑर्डिनेट भरा. डेटम, एपॉक, ट्रान्सफॉर्मेशनची बहुतेक कटकट एका झटक्यात संपते, कारण सगळं त्याच्या सापेक्ष मोजलं जातं. माझं मत विचाराल तर शक्य असेल तिथे नेहमी हेच करावं. असा पॉइंट नसेल आणि तुम्ही बेसला "सरासरी काढून घे" सांगितलं तर रोव्हर फिक्स दाखवेल, आपापसातली अंतरं सेंटीमीटरला बरोबर येतील, पण सगळं चित्र मीटर-दोन मीटर सरकलेलं असेल. त्यावर उपाय म्हणजे बेसचा काही तासांचा रॉ डेटा रेकॉर्ड करून सीएसआरएस-पीपीपी किंवा ऑसपॉस अशा मोफत ऑनलाइन सेवेला देणं, तिथून येणारे कोऑर्डिनेट बेसला भरणं आणि मग पॉइंट शोधायला निघणं. म्हणजे दोन खेपा.

तिसरा रस्ता सॅटेलाइटवरून येणाऱ्या पीपीपी (जवळचा बेस न लागणाऱ्या) करेक्शनचा. युरोपच्या गॅलिलिओ सॅटेलाइट सिस्टीमची हाय अ‍ॅक्युरसी सर्व्हिस २०२३ च्या जानेवारीत सुरू झाली, मोफत आहे, पण ती वीस सेंटीमीटरच्या पातळीची आहे आणि जुळून यायला बरीच मिनिटं लागतात. जवळ पोहोचायला छान, खिळा शोधायला अपुरी.

पीपीके म्हणजे नंतर घरी जाऊन प्रोसेस करणं, त्याने पॉइंट मोजता येतो, पॉइंटकडे जाता येत नाही. एक जुगाड मात्र आहे: अंदाजाने पॉइंटच्या जवळ दोन-तीन तात्पुरत्या खुंट्या ठोकायच्या, त्यांचं रेकॉर्डिंग करायचं, घरी त्यांचे नेमके कोऑर्डिनेट काढायचे आणि परत येऊन टेपने पॉइंट काढायचा. तो टेपचा प्रकार खाली झाडांच्या भागात येतोच आहे.

निघण्याआधी एकदा सगळं चालू करून बघा

प्रोजेक्ट, कोऑर्डिनेट सिस्टीम, जिऑइड फाइल, पॉइंटची यादी, एनट्रिप, सगळं घरच्या गच्चीवर किंवा अंगणात चालवून बघा, फील्डवर नेट नसताना जिऑइड फाइल डाउनलोड करायची वेळ आणू नका. बाहेरचा रिसिव्हर ब्लूटूथने फोनला जोडून एसडब्ल्यू मॅप्स किंवा क्यूफील्डसारखं ॲप वापरणार असाल तर ॲप नक्की त्याच रिसिव्हरकडून जागा घेतंय ना हे तपासा, कनेक्शन तुटलं की काही ॲप गुपचूप फोनच्या आतल्या जीपीएसवर जातात आणि ठिपका हलत राहतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मॉक लोकेशनमधून (बाहेरच्या रिसिव्हरची जागा फोनची म्हणून पुढे देण्याची सोय) जागा दिली तर फिक्स की फ्लोट ही माहिती बऱ्याचदा वाटेतच गळते, म्हणून ती दाखवणारी स्क्रीन कुठे आहे ते आधी शोधून ठेवा.

एलिव्हेशन मास्क (क्षितिजाजवळची सॅटेलाइट वगळायची मर्यादा) १० ते १५ अंश ठेवा. पोलची उंची भरा आणि ती अँटेनाच्या तळापासून धरलीय की फेज सेंटरपासून (अँटेनाच्या आत सिग्नल जिथे मोजला जातो त्या बिंदूपासून) हे बघा. पोलचा बबलही (पोल सरळ आहे का दाखवणारा बुडबुडा) तपासा: पोल बायपॉडवर (दोन पायांच्या आधारावर) उभा करून बबल मध्ये आणा, पोल स्वतःभोवती अर्धा फिरवा, बबल मधून हलला तर तो बिघडलाय. दोन मीटरच्या पोलवर एक अंश कल म्हणजे टोकाला साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे आरटीकेची सगळी कमाई बबलने घालवली. आयएमयूवाला, कललेला चालणारा रिसिव्हर असेल तर सोय मोठी आहे, पण शेवटचं मोजमाप मी तरी पोल सरळ ठेवूनच घ्या म्हणेन.

सोबत टेप, खुंट्या, हातोडा, रंग किंवा रिबन, छोटं खुरपं, बायपॉड, पॉवर बँक. लोखंडी खूण शोधायची असेल तर लोकेटर. तो लोकेटर चुंबकी असेल तर पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला दिसत नाही, हे माहीत नसताना लोक तास तास काढतात.

पहिला थांबा: माहीत असलेला पॉइंट

टार्गेटकडे जाण्याआधी एखाद्या शाबूत, विश्वासाच्या कंट्रोल पॉइंटवर जा आणि तो स्टेकआउट करून बघा, जणू तो शोधायचाय. इथे किती फरक येतो त्यावरून आजार ओळखता येतो. दोन-तीन सेंटीमीटर, छान, पुढे चला. एक-दीड मीटर आणि दुसऱ्या कंट्रोलवर गेलात तरी तेवढाच, त्याच दिशेला, तर डेटम किंवा एपॉक. पंधरा-वीस सेंटीमीटर आणि परत फिक्स घेतल्यावर बदलतो, तर खोटा फिक्स. आडवं सगळं बरोबर पण उंची बरोबर दोन मीटर किंवा पोलच्या उंचीइतकी चुकतेय, तर पोलची उंची भरायची राहिलीय. उंची दहावीस मीटर चुकतेय तर जिऑइड. आडवा फरक दोनशे मीटरच्या घरात तर जुना डेटम, आणि कंट्रोलर पॉइंट दुसऱ्याच देशात दाखवत असेल तर झोन किंवा ईस्टिंग-नॉर्थिंगची अदलाबदल.

फरक दिसला की "तेवढा वजा करू आणि चालू ठेवू" हा मोह होतो. कारण कळल्याशिवाय वजा करू नका. आणि करायचाच असेल, म्हणजे साइटवर लोकलायझेशन (आपले आकडे तिथल्या पॉइंटशी जुळवून घेणं) करायचं असेल, तर एका पॉइंटवर नाही, कामाच्या जागेला वेढून असलेल्या चार-पाच पॉइंटवर, आणि प्रत्येक पॉइंटचा उरलेला फरक वाचून.

चालत जाताना

स्टेकआउट किंवा नेव्हिगेट मोड चालू करा, टार्गेट निवडा, पॉइंटचं नाव दोनदा वाचा (सीपी१ आणि सीपी११, हो). लांब असताना फोनच्या नकाशावर जवळच्या रस्त्यापर्यंत जा, सरळ रेषेत जाणारा बाण नाले, कुंपणं आणि दुसऱ्याची जमीन बघत नाही. खासगी जागा असेल तर परवानगी आधीच घ्या, हातात पोल घेऊन कुंपण ओलांडणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

नकाशामागच्या सॅटेलाइट फोटोवर विसंबू नका. ते फोटो काही ठिकाणी काही मीटर सरकलेले असतात, आणि "फोटोत तर पॉइंट कुंपणाच्या पलीकडे दिसतोय" यावर मित्रांशी वाद घालण्यात अर्थ नाही, आरटीकेचा आकडा खरा धरा, अर्थात वरची तपासणी झाली असेल तर.

चालताना बाणाची दिशा बरोबर असते कारण रिसिव्हर तुमच्या हालचालीवरून दिशा काढतो. थांबलात की त्याला तुम्ही कुठे तोंड करून उभे आहात हे माहीत नसतं. मग बाण गरागरा फिरतो, किंवा ॲप फोनच्या कंपासवर जातं जो तुमच्या पोलमुळे, गाडीमुळे, लोखंडी कुंपणामुळे भलतीकडे बघत असतो. नवशिके शेवटच्या तीन मीटरमध्ये गोल गोल फिरताना दिसतात ते यामुळेच.

शेवटचे तीन मीटर

तीन-चार मीटर अंतर राहिलं की बाणाकडे बघणं बंद करा. डिस्प्ले "पुढे-मागे-डावीउजवी" वरून "उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिम" वर बदला. आता उत्तर कुठे हे जमिनीवर पक्कं करायचं: सरळ पाच-सहा पावलं चाला, नॉर्थिंग वाढतंय आणि ईस्टिंग जवळजवळ स्थिर आहे अशी दिशा सापडेपर्यंत, आणि त्या दिशेला लांबची एखादी खूण धरा, टॉवर, झाड, घराचा कोपरा. लांबची, कारण जवळची धरली की दोन पावलं सरकल्यावर कोन बदलतो. यापुढे त्या खुणेकडे तोंड करूनच उभं राहायचं, वळायचं नाही, बाजूला जायचं तर खेकड्यासारखं.

मग पोल टेका, बबल मध्ये आणा, दोन-तीन सेकंद थांबा, आकडे वाचा. "उत्तरेला १.२०, पूर्वेला ०.४५" असं काहीतरी येईल. पोल हवेत धरून चालत आकडे शून्य करायचा प्रयत्न करू नका, वेळ जातो आणि मानही दुखते. जिथे पोल टेकला तिथे खूण करा, टेपने १.२० पुढे आणि ०.४५ उजवीकडे मोजा, तिथे पोल टेका, परत वाचा. आता राहिलेला फरक दहा सेंटीमीटरच्या आत येतो, तो हाताच्या बोटांनी मोजून पोलचं टोक सरकवा. तिसऱ्या टेकणीला बहुतेक वेळा काम होतं. उतारावर टेप आडवा, लेव्हलमध्ये धरायचा, जमिनीला चिकटवून नाही.

किती जवळ आल्यावर थांबायचं? आरटीकेचाच आकडा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर नाचत असतो, त्यामुळे मिलिमीटरपर्यंत शून्य गाठण्यामागे लागलात तर तुम्ही पॉइंट नाही, रिसिव्हरची थरथर शोधताय. बायपॉड लावा, तीस सेकंद ते मिनिटभर सरासरी घ्या, आणि सरासरी टार्गेटपासून दोन सेंटीमीटरच्या आत असेल तर खुंटी ठोका. खुंटी ठोकताना ती वाकडी जातेच, म्हणून ठोकल्यावर तिच्या डोक्यावर परत मोजा आणि नेमका पॉइंट पेनने किंवा खिळ्याने डोक्यावर दाखवा.

फिक्स खरा आहे का

फिक्स दिसला म्हणून लगेच विश्वास नको. करेक्शनचं वय बघा, एक-दोन सेकंद ठीक, दहाच्या पुढे गेलं तर नेट किंवा रेडिओ अडखळतोय. पीडीओपी (सॅटेलाइटची मांडणी किती चांगली याचा आकडा, कमी तेवढा बरा) दोनच्या आसपास छान, चार-पाचच्या वर गेलं तर थांबा. भिंती, पत्र्याची शेड, उभी गाडी, साचलेलं पाणी यांच्यावरून सिग्नल परावर्तित होऊन येतो आणि रिसिव्हर फसतो. अँटेना डोक्याच्या वर ठेवायचं कारण हेच की तुम्ही स्वतःही एक अडथळा आहात.

पक्की तपासणी अशी: पॉइंट मोजा, अँटेना खाली वळवून किंवा रिसिव्हरमधून रीसेट करून फिक्स मुद्दाम तोडा, नवा फिक्स घ्या, परत मोजा. दोन्ही मोजमापं दोन-तीन सेंटीमीटरमध्ये जुळली तर विश्वास ठेवायला हरकत नाही. महत्त्वाचा पॉइंट असेल तर तासाभराने तिसऱ्यांदा, तोवर सॅटेलाइटची मांडणी बदललेली असते आणि परावर्तनाची चूक तीच राहत नाही. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात सूर्य मावळल्यानंतर काही तास आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) खवळतो, विशेषतः सौरचक्राच्या तेजीच्या वर्षांत, तेव्हा फिक्स टिकत नाही आणि दोष रिसिव्हरला दिला जातो. तसलं काम सकाळी करा.

झाडाखाली, भिंतीला लागून

टार्गेट दाट झाडाखाली असेल तर तिथे उभं राहून फ्लोटमधून फिक्स व्हायची वाट बघण्यात दिवस जातो, आणि त्यात मिळणारा फिक्स बहुधा खोटाच असतो. बाहेर या. मोकळ्या आकाशाखाली, टार्गेटपासून दहा-पंधरा मीटरवर, दोन तात्पुरत्या खुंट्या ठोका, त्यांचे कोऑर्डिनेट नीट, दोनदा फिक्स घेऊन मोजा. टार्गेटचे कोऑर्डिनेट माहीतच आहेत, मग ईस्टिंगच्या फरकाचा वर्ग अधिक नॉर्थिंगच्या फरकाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, प्रत्येक खुंटीपासूनचं अंतर मिळालं. दोन टेप लावा, दोन्ही अंतरांचे कंस जिथे छेदतात तो पॉइंट. कंस दोन ठिकाणी छेदतात, तुमची बाजू कोणती ते नीट बघा. छेद काटकोनाच्या जवळपास हवा, तीस अंशाच्या खाली गेला तर टेपची छोटी चूकही मोठी होते. तिसरी खुंटी ठोका आणि तिसऱ्या अंतराने तपासा, ही तपासणी वगळू नका, तिच्याशिवाय चूक कळायला दुसरा मार्गच नाही.

यूटीएमच्या आकड्यांवरून काढलेलं अंतर आणि टेपवरचं अंतर तंतोतंत एक नसतं. झोनच्या मध्यरेषेवर स्केल ०.९९९६ आहे, म्हणजे किलोमीटरला ४० सेंटीमीटर, पंधरा मीटरला सहा मिलिमीटर. इथे चालून जातं, पण दोनशे मीटरवर टेप किंवा टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) लावणार असाल तर आठ सेंटीमीटर होतात आणि मग स्केल फॅक्टर लावलाच पाहिजे.

पोहोचलो, पण खूण दिसत नाही

इथे घाबरून लगेच रिसिव्हरवर शंका घेऊ नका आणि लगेच खूण नष्ट झाली असंही ठरवू नका. शोधायचा घेर हा तुमच्या चुकीवर नाही, मूळ मोजमापाच्या चुकीवर ठरतो. खूण आरटीकेने मोजलेली असेल तर दहा सेंटीमीटरचा घेर बास. हँडहेल्डने मोजली असेल तर पाच-सात मीटर, आणि मे २००० च्या आधीचं हँडहेल्डचं मोजमाप असेल तर शंभर मीटरही कमी पडू शकतात, कारण तोवर अमेरिका नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडत होती. जुन्या यादीत नकाशावर पट्टी ठेवून काढलेले कोऑर्डिनेटही असतात, तेव्हा आकडा बाजूला ठेवून वर्णन वाचा: रस्त्यापासून किती, विहिरीपासून किती, दगडावर काय कोरलंय.

मधून बाहेर असा गोल गोल शोध घ्या, लोकेटर फिरवा, माती बारीक सळईने टोचून बघा, भराव पडला असेल तर खूण अर्धा मीटर खालीही असते. खोदण्याआधी खालून केबल किंवा पाइप जात नाही ना याची खात्री करा. खूण सापडली आणि ती आकड्यापासून बारा सेंटीमीटर लांब निघाली, तर तिला उपटून आकड्यावर बसवू नका. जमिनीतली खूण हाच पुरावा असतो, फरक लिहून ठेवा आणि निर्णय ज्याच्या अखत्यारीत आहे त्याच्याकडे सोपवा, हद्दीच्या बाबतीत तर नक्कीच.

नोंद जागेवरच करा, संध्याकाळी आठवून नाही. पॉइंटचं नाव, तारीख-वेळ, फिक्स की फ्लोट, पोलची उंची, बेस किंवा माउंटपॉइंट, डेटम आणि एपॉक, दोन्ही वेळचे आकडे, सकाळच्या कंट्रोल तपासणीचा फरक. दोन फोटो: एक जवळून खुणेचा, एक लांबून आजूबाजूच्या ओळखीच्या गोष्टींसकट. खूण सापडली नसेल तर किती घेरात शोधलं, किती खोल खणलं, लोकेटर कुठे वाजला तेही लिहा, म्हणजे पुढचा माणूस तोच खड्डा परत खणणार नाही.